करवंदांची चार मापटी

राजूरला ग्रामसेविका म्हणून माझी नेमणूक झाली तेव्हा मी बावीस वर्षांची होते आणि मला सगळं काही येत होतं. निदान माझा तसा पक्का समज होता. साल एकाहत्तर. माझं माहेर राहुरीचं. सपाट रान, पाटाचं पाणी आणि उसाच्या मोळ्या एवढंच मी जन्मभर पाहिलेलं. डोंगरात नेमणूक झाली म्हणून आईनं रडून घेतलं, आणि मी मात्र लढाईवर निघाल्यासारखी एस.टी.त चढले. सोबत एक लोखंडी ट्रंक होती. तिच्यात दोन पारड्यांचा तराजू, दहा ग्रॅमपासून दोन किलोपर्यंतची वजनं आणि फळं टिकवायच्या कृतींची एक पातळ सरकारी पुस्तिका होती. डोंगरातल्या बायकांच्या रानात आवळे, करवंदं, जांभळं मोप पिकतात आणि वाया जातात. त्यांना मुरंबे आणि लोणची नीट वजनानं करायला शिकवा, असं मला सांगण्यात आलं होतं.

पहिल्याच वर्गात मी तोंडावर आपटले. पुस्तिकेत लिहिलं होतं, एक किलो आवळ्याला सव्वा किलो साखर. बायका आवळे घेऊन आल्या त्या मापट्यानं मोजून. मापटं म्हणजे अर्ध्या शेराचं पितळी माप. तिथं घराघरात तेच चालायचं. माझ्या तराजूची दोरी प्रवासात तुटलेली, म्हणून मी रेशनच्या दुकानदाराला विचारलं. तो म्हणाला, मापटं म्हणजे अर्धा किलो, डोळे झाकून धरा. मी डोळे झाकले. दोन मापटी आवळ्यांवर सव्वा किलो साखर ओतली, तीही बायकांनी आपापल्या कार्डावरची आणलेली. चार दिवसांनी बरणी उघडली तर आत मुरंबा नव्हता, साखरेचा खडक होता. तो उलथन्यानं फोडावा लागला.

कोणी हसलं नाही, हेच मला जास्त लागलं. शेवटी मागं बसलेली एक पन्नाशीची बाई शांतपणे म्हणाली, "बाई, मापटंभर जोंधळा अर्धा किलो भरतो. आवळा कुटनं भरायचा? आवळ्याच्या मधनं वारा जातो."

ती बनुबाई. माझ्या खोलीला लागूनच तिचं घर होतं, बाजारतळाच्या वरच्या अंगाला. नवरा चार वर्षांपूर्वी गेलेला, घरात एकटीच. दोन भातखाचरं होती, ती तीच बघायची. तिच्या हातचा करवंदाचा मुरंबा राजूरच्या बाजारात नावाजलेला होता, आणि वर्गाला ती मला काही शिकवायला येत नव्हती की माझ्याकडून काही शिकायला. सरकारनं पाठवलेली पोर काय करते ते बघायला यायची, असं तिनंच मला नंतर सांगितलं.

त्या दिवशी संध्याकाळी मी तराजूला नवी दोरी बांधली आणि इरेला पेटून मिळेल ते मापट्यानं मोजून तोलायला बसले. जोंधळा बरोबर पाचशे ग्रॅम भरला, म्हणजे दुकानदार त्याच्यापुरता खरा होता. तांदूळ थोडा जास्त. आवळे मात्र जेमतेम तीनशे दहा. पुढं जसजसं एकेक फळ येत गेलं तसतसं मी ते तोलून वहीत उतरवत गेले. करवंदं आली चैत्रात. तिथं माप भरायचं ते शिगेसकट, म्हणजे काठाच्या वर ढीग होऊन पहिलं फळ घरंगळेपर्यंत. सपाट मापटं करवंदं तीनशे सत्तर ग्रॅम, आणि शिगेचं मापटं चारशे तीस. मी ते तीन-तीनदा तोललं. उन्हाळा भरात येईस्तोवर माझ्या वहीत असा सुरेख तक्ता झाला होता की कोणी मापट्याचं नाव काढलं रे काढलं, की मी ग्रॅम सांगायची. बायका गमतीनं मला मुद्दाम विचारायच्या. मला ती गंमत कळायची नाही, मी छाती फुगवून उत्तर द्यायची. आज ते आठवलं की हसू येतं, आणि त्या पोरीचा थोडा हेवाही वाटतो.

बनुबाईला एक मुलगी होती, साळूबाई. ती सोनईला दिलेली, हे मला शेजारणीकडून कळलं. तिचं नाव त्या घरात निघत नसे. साळूबाईचा बाप आषाढात गेला. सोनईला निरोप धाडला, पण लेक आली नाही. मातीला नाही, दहाव्यालाही नाही. त्या वेळी ती पोटुशी होती. पहिलं बाळंतपण आईकडं व्हायचं, पाऊस थोडा उतरला की आणायचं, असं ठरलेलं; पण तिकडून नंतर ना माणूस आलं ना चिठ्ठी. दहाव्याला नदीवर, चार माणसांत, बनुबाई बोलून गेली की मला लेक नाही. बोललेलं सोनईपर्यंत पोचायला काय वेळ लागतो? त्याला आता चार वर्षं होत आली होती.

मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात बनुबाई माझ्या दारात आली. हातात एक निळं आंतर्देशीय पत्र होतं, न फोडलेलं. तिला वाचता येत नव्हतं, पण पोस्टमननं सोनईचं म्हटल्यावर पत्र कुणाचं ते तिला कळलं होतं. साळूबाई चौथीपर्यंत शिकलेली. अक्षर मोठं, गोल, ओळी खाली उतरत गेलेल्या. नमस्कारानंतर एकदम कामाचंच लिहिलं होतं. आबांच्या तिथीला ती दरवर्षी त्यांच्या नावानं एक ताट बाजूला काढते. यंदा त्यांच्या आवडीचा करवंदाचा मुरंबा त्या ताटात ठेवावा असं तिच्या मनात होतं. 'इकडं मापट्याचं माप येगळं हाय, मोठं हाय. तरी करवंदं किती न् गूळ किती ते किलोत कळवावं.' खाली सही. कशी आहेस, काय करतेस, काही नाही.

बनुबाईनं मला ते तीनदा वाचायला लावलं. तिसऱ्या वेळी तिनं डोळ्याला पदर लावला आणि म्हणाली, "तिला मुरंबा पायजे न्हाई, बाई. तिला आय पायजे. पर तसं लिवायचं कसं, म्हनून मुरंबा लिवला."

मग तिनं कृती सांगितली. अर्धवट पिकलेली, गुलाबी करवंदं घ्यायची. धुवून, फडक्यावर कोरडी करून मापट्यानं मोजायची. मग चिरून बिया काढायच्या, गुळाच्या पाकात मंद आचेवर शिजवायची, वरून चिमूटभर मीठ. करवंदं चार मापटी, गूळ दीड किलो. गूळ बाजारातून वजनानंच येत असल्यामुळं तो किलोत होताच. करवंदांचं मात्र मला करायचं होतं, आणि त्यासाठीच तर मी जन्मले होते. एक मापटं शिगेचं चारशे तीस, गुणिले चार. मी झोकात लिहिलं: करवंदे एक किलो सातशे वीस ग्रॅम. सोनईत करवंदं मिळत नाहीत म्हणून बनुबाईनं पाटीभर करवंदं पानांत बांधून एस.टी.च्या कंडक्टरकडे सोपवली, आणि पत्र त्याच पाटीत ठेवलं. शेवटी काही लिहू का, असं मी तिला विचारलं. ती म्हणाली, सांभाळून शिजव एवढं लिहा, खाली लागतं.

त्यानंतरचे पंधरा दिवस बनुबाई निराळीच बाई झाली होती. वर्गात पुढं बसायची, न विचारता बोलायची. संध्याकाळी गाडी आली की बाजारतळावर काहीतरी काम काढून जायची. मला वाटायचं, या चुलीपाशी आता लवकरच तिची लेक बसलेली दिसणार, आणि त्यात माझाही हात असणार. मी तर त्याचं मनातल्या मनात श्रेयही घेऊन टाकलं होतं.

दुसरं पत्र आलं ते मे महिना संपता संपता. यावेळी बनुबाईनं ते स्वतःच फोडून, उलगडून माझ्या हातात दिलं. मी मोठ्यानं वाचायला लागले. साळूबाईनं लिहिलं होतं की सांगितल्याप्रमाणं सगळं केलं, ग्रॅमलाही चुकले नाही, पण झाला तो नुसता गुळाचा पाक. आंबटपणा नावाला नाही. 'आबा असा खात नव्हते. आईच्या हातचा कसा लागतो ते मी इसरले न्हाई. आईला द्यायचं नव्हतं तर तसं कळवायचं. खोटं माप कशापायी सांगायचं. आता करवंदं धाडू नये.'

बनुबाईनं पत्र माझ्या हातून घेतलं, घडी घातली आणि बरं म्हणून घरात गेली. दुसऱ्या दिवशी ती वर्गाला आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही.

आता माझं कबूल करते. माझा संशय बनुबाईवर गेला. माझं माप चुकणं शक्यच नव्हतं, मी तीनदा तोललं होतं. मग चूक कुणाची? सुगरण बायका कृती सांगताना हातचं एखादं राखून ठेवतात, हे मी आमच्याच घरात पाहिलं होतं. माझी एक चुलत आजी शेवटपर्यंत मसाल्यातली एक वस्तू सांगत नसे. बनुबाईनंही रागापोटी तसंच केलं असेल, असं मला वाटलं, आणि मला तिचा संताप आला. एवढं जुळत आलेलं नातं या बाईनं हट्टापायी घालवलं. मी तरातरा तिच्या घरी गेले. ती पाटीतली करवंदं निवडत बसली होती. मोसम संपत आलेला, काळीभोर आणि गुलाबी वेगळी करत होती. मी उभ्या उभ्याच विचारलं, "बनुबाई, खरं सांगा, काही हातचं राखून सांगितलंत का?"

तिनं माझ्याकडं पाहिलं. त्या नजरेची मला अजून लाज वाटते. आजवर ती मला अहो-जाहो करायची, त्या दिवशी पहिल्यांदा एकेरीवर आली.

"बस हितं," ती म्हणाली. "डोळं उघडं ठिवून मोज. म्या काय सांगितलं न् काय चोरलं त्ये बघ."

तिनं मोठं पातेलं पुढं ओढलं, पाटीत मापटं खुपसलं आणि शिगेसकट भरून पातेल्यात ओतलं. ओतताना म्हणाली, "लाभ." दुसरं मापटं ओतलं, म्हणाली, "येक." मग दोन, तीन, चार. आणि मापटं उपडं ठेवून माझ्याकडं बघत राहिली.

मी म्हणाले, पाच झाली. ती म्हणाली, चार. मी पुन्हा पाच म्हणाले. तेव्हा ती मला दहापर्यंत आकडे येतात की नाही अशा नजरेनं बघायला लागली.

"लाभ कुटं मोजत्यात व्हय?" ती म्हणाली.

आमच्या राहुरीलाही धान्य मोजताना पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत, लाभच म्हणतात. पण आमच्याकडं लाभ, दोन, तीन. म्हणजे लाभ हेच एक. राजूरच्या बाजारातही बायका विकताना तसंच मोजायच्या आणि मी ते ऐकलेलं होतं, म्हणून माझ्या मनात कधी शंका आली नाही. बनुबाईच्या घरची रीत त्याहून वेगळी होती. रानात आपोआप पिकलेलं फळ घरच्या चुलीसाठी मोजायचं असेल तर त्याचं पहिलं माप मोजणीत धरायचं नाही. ते लाभाचं. आपण पेरलं नाही, पाणी घातलं नाही, रानानं दिलं. तर निदान एका मापाचा तरी हिशेब धरू नये, असं तिच्या सासूनं तिला शिकवलेलं आणि तिनं साळूला. विकत आणलेल्या गुळाला लाभ नाही. शेतातल्या भाताला नाही. फक्त रानमेव्याला. त्यामुळं या घरात चार मापटी करवंदं म्हणजे पातेल्यात पाच पडायची, आणि हे सांगावं असं कधी कुणाला वाटलंच नव्हतं, कारण घरात प्रत्येकाला ते ठाऊक होतं.

मी तराजू आणून ती सगळी करवंदं तोलली. दोन किलो दीडशे ग्रॅम. माझ्या पत्रात एक किलो सातशे वीस. आख्खं एक मापटं मी खाल्लं होतं.

बनुबाईला माझ्याआधी सगळं उमगलं. "साळूला ठावं हाय," ती हळू आवाजात म्हणाली. "तिला नुस्तं चार मापटी म्हनलं आस्तं ना, तर तिनं पाचच घातली आस्ती."

खरं होतं ते. मापट्याच्या भाषेत सांगितलं असतं तर त्या दोघींमधलं काही हरवलं नसतं. मी मध्ये बसून त्याचे ग्रॅम केले आणि नेमकं त्या दोघींनाच ठाऊक असलेलं गाळून टाकलं. वर त्या म्हातारीला चोर ठरवायला गेले. मी तिथंच रडायला लागले. बनुबाई काही समजूत घालायला आली नाही, पण मला ऊठ असंही म्हणाली नाही. करवंदं निवडत राहिली.

पत्र लिहून खुलासा करते, असं मी म्हटलं. ती म्हणाली की पत्रानंच बिघडलं, आता दुसऱ्या पत्रावर ती कशाला विश्वास ठेवील. मग तुम्ही चला माझ्याबरोबर, मी म्हटलं. त्यावर तिनं मान हलवली. लेकीनं ये म्हटलेलं नाही. आणि चार माणसांत लेक नाही म्हणणारी ती, कोणत्या तोंडानं तिच्या दारात जाईल? तेव्हा मीच जाते म्हणाले. ती नाही म्हणाली नाही. सकाळी गाडीच्या वेळेला तिनं पाटी बांधून दिली आणि आपलं पितळी मापटं त्या करवंदांत रोवून ठेवलं.

राजूरहून अकोले, अकोल्याहून संगमनेर, तिथून राहुरी. रात्री माहेरी मुक्काम आणि सकाळच्या गाडीनं सोनई. वाटेत कितीतरी वेळा मी काय बोलायचं ते जुळवलं आणि मोडलं. साळूबाईच्या नवऱ्याचं, रंगनाथचं, बाजारपेठेत छोटं भुसाराचं दुकान होतं आणि मागं घर. तिला ओळखायला कुणाला विचारावं लागलं नाही. बनुबाईचंच कपाळ, बनुबाईसारखीच बघण्याची रीत. कडेवर दीड वर्षाची मुलगी होती. राजूरहून आले म्हटल्यावर तिनं पाणी दिलं, बसायला पोतं टाकलं, आणि पाटीकडं बघून तिचा चेहरा बंद झाला.

चूक माझी आहे, मी लगेच सांगून टाकलं. तुमच्या आईनं बरोबर सांगितलं होतं, मी किलोत करताना घोळ घातला. ती ऐकून घेत होती, पण तिला ते पटत नव्हतं. सरकारी बाई आहात, शिकलेल्या आहात, तुमचा हिशेब कसा चुकेल, असं ती म्हणाली. आईनं गळ घातली म्हणून तुम्ही तिचं आपल्या अंगावर घेताय. मी लाभाची गोष्ट सांगणार होते, पण वाटलं, हेसुद्धा आईनंच पढवून पाठवलंय असं ती म्हणेल. म्हणून मी एवढंच म्हटलं की तुम्हीच या मापट्यानं चार मापटी करवंदं मोजा, मी बोलत नाही.

तिनं मुलीला खाली सोडलं. आईचं मापटं हातात घेऊन क्षणभर बोटांनी काठ चाचपला. मग भरलं, शीग नीट बसवली आणि परातीत ओतलं. तोंडातून आपसूक निघालं, "लाभ."

दुसरं ओतताना येक म्हणाली. मग दोन, तीन. चार म्हणून तिनं मापटं उपडं ठेवलं. मी परात उचलून दुकानात नेली, रंगनाथच्या काट्यावर रिकामी करून करवंदं तोलली. दोन किलो एकशे चाळीस. साळूबाईनं फडताळातून माझं पत्र काढलं आणि त्यातला आकडा बघितला. पुन्हा काट्याकडं बघितलं. रंगनाथ गल्ल्यावरून उठून बाहेर गेला.

"आयनं चोरलं नव्हतं म्हनायचं," ती म्हणाली.

मी नाही म्हटलं. तुमचं पहिलं पत्र तिनं माझ्याकडून तीनदा वाचून घेतलं, आणि ते पत्र ती तांदळाच्या कणगीत जपून ठेवते, हेही सांगितलं. साळूबाई मटकन खाली बसली आणि तोंडाला पदर लावून रडली. मी गप्प राहिले. आयुष्यात फार थोड्या वेळा मला ते जमलंय. रडून झाल्यावर तिनं काट्यातली करवंदं ओंजळीनं पुन्हा पाटीत भरली. मी विचारलं, मुरंबा करायचा नाही का?

"हितं न्हाई," ती म्हणाली. "तितं जाऊन करीन."

रंगनाथनं दुपारच्या गाडीची तिकिटं स्वतः काढून दिली. चार वर्षं मी हिला जा म्हणत होतो, असं तो मला हळूच म्हणाला. बापाच्या दहाव्याला ती का गेली नव्हती, हे विचारायचं माझ्या जिभेवर आलं होतं, पण मी विचारलं नाही. गाडीत ती खिडकीतून बाहेर बघत राहिली. मुलगी माझ्या मांडीवर झोपली.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही राजूरला उतरलो. बनुबाई अंगणात हिरडे वाळत घालत होती. चाहूल लागल्यावर तिनं मान वर केली, आधी मी दिसले, मग पाटी, मग लेक. ती उठून उभी राहिली. साळूबाई खाली वाकून पाया पडली, तरी बनुबाईचे हात तसेच दोन्हीकडं लोंबत होते. मग तिची नजर मुलीवर गेली. तिनं मुलीच्या गालाला बोट लावलं, आणि चार वर्षांत पहिलं जे बोलली ते हे.

"ही पयली का?"

साळूबाई म्हणाली, "न्हाई आय. दुसरी."

मग पुढचं तिनं सगळं तिथंच, उन्हात उभ्यानं सांगितलं. आबा गेल्याचा निरोप सोनईला पोचला त्याच दिवशी तिला कळा सुरू झाल्या, आठव्या महिन्यातच. मुलगी झाली. ती दोन दिवस होती. बापाचा दहावा राजूरला झाला त्या दिवशी साळूबाई तिकडं तापानं फणफणत अंथरुणात पडलेली होती, उठून बसायचंही बळ नव्हतं. राजूरच्या घरात आधीच एवढं दुःख, त्यात हे कशाला कळवायचं, म्हणून सासरच्यांनी कळवलं नाही. ती बरी होऊन स्वतः यायचं म्हणत होती, तेवढ्यात बनुबाईचं नदीवरचं बोलणं तिच्या कानावर आलं. मग ती आलीच नाही.

बनुबाईनं सगळं ऐकून घेतलं. नात माझ्याकडं दिली. लेकीच्या कोपराला धरून तिला आत नेलं, चुलीशेजारी वाकळ अंथरली, चुलीत लाकूड सारून पाण्याचं भगुनं वर ठेवलं आणि कोनाड्यातून तेलाची वाटी काढली. साळूबाईला काही समजेना. मी बरी हाय, मला काय झालंय, असं ती म्हणत होती. बनुबाईनं तिला खांदे धरून वाकळीवर बसवलं.

"बाळंतिनीचा सव्वा महिना माज्याकडं ऱ्हायलाय तुजा," ती म्हणाली. "तेवढा झाल्याबिगर कुटं जायचं न्हाई."

साळूबाई मोजून सव्वा महिना राहिली. मुरंबा झाला, आबांच्या तिथीचं ताटही त्याच घरात झालं. पण मला आजही सगळ्यात आधी आठवतं ते वेगळंच. चार वर्षांपूर्वीच्या त्या बाळंतिणीला बनुबाई रोज सकाळी तेल लावून, कढत पाण्यानं न्हाऊ घालून, चुलीपुढं शेकत बसवायची. आणि दीड वर्षाची दुसरी मुलगी माझ्या ओसरीवर माझी वजनं एकावर एक रचत बसलेली असायची.